सातवा रकाना: अपघाताचं कारण

आमच्या गाडीत देव नाही, लिंबू-मिरची नाही, मान डोलावणारा कुत्रा नाही. डॅशबोर्डवर प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर माझ्या नवऱ्याच्या सुवाच्य अक्षरात मथळा आहे : 'अपघात झाल्याबरोबर काय करावे'. खाली दहा मुद्दे. गाडीत बसणारा प्रत्येक नवा माणूस तो कागद वाचतो आणि मग गुपचूप दाराची कडी धरून बसतो.

माझे यजमान हरिचंद्र, अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होते. तीन वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना नारळ दिला. त्यांनी मात्र कारखान्याला दिला नाही. आमच्या गॅसजवळ वाळूची लाल बादली आहे. जिन्याच्या कडेला पिवळा पट्टा आहे. आणि ह्यांच्या गळ्यात काळ्या नाडीत ओवलेली लोखंडी शिटी आहे, ती फक्त अंघोळीला उतरते.

त्या शिटीची आणि माझी ओळख जुनी. मीही त्याच कारखान्यात पॅकिंगला एकोणीस वर्षं होते. नियम साधा होता. शिटी वाजली की दोन्ही हात मशीनवरून वर, पाय एक पाऊल मागे, आणि जागच्या जागी पुतळा. विचार करायचा नाही, कारण विचार करेपर्यंत बोट गेलेलं असतं, असं हे सांगायचे. दर सोमवारी सराव व्हायचा. हे मधल्या वाटेवर उभे राहून शिटी मारायचे आणि आम्ही चाळीस बाया एकदम हात वर करायचो. सवय इतकी मुरली की घरी कुकरची शिटी झाली तरी माझे हात पोळपाटावरून उचलले जायचे. पोळी करपायची आणि हे समाधानाने मान हलवायचे.

आता गाडीचं सांगते. आमचा महेंद्र पुण्याला असतो. त्याने नवी गाडी घेतली आणि जुनी आमच्या दारात आणून लावली. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलेलं. महेंद्र म्हणाला, मग विकून टाकू. मी म्हटलं, मी शिकते. छप्पन्नाव्या वर्षी.

हे हसले असते तर मी कदाचित तिथेच सोडून दिलं असतं. पण हे हसले नाहीत. ह्यांनी नियमावली केली. नऊ नियम, खाली माझी सही. आठ नियम बेल्ट, आरसे, हवा असल्या गोष्टींचे. नववा असा : 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाल्यास गाडीची किल्ली कायमची कपाटात जाईल.' मी तावातावाने सही ठोकली. अपघात करायचाच नाही तर नियमाला कोण भितंय?

ज्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी बदलापूरला जाऊन भाजी घेऊन परत आले, त्या दिवशी मी दारात गाडी बंद करून दहा मिनिटं नुसती आत बसून राहिले. काही करत नव्हते. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. आयुष्यभर मी कुणाच्या तरी मागे बसून, कुणाच्या तरी वेळेवर, कुणाला तरी विचारून कुठे कुठे गेले. ती किल्ली माझ्या पर्समध्ये असते ना, तेव्हा पर्स जड लागते आणि मला ते वजन आवडतं. एवढं सांगितलं म्हणजे पुढे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल.

त्या रविवारी सकाळी आम्ही बदलापूरला निघालो होतो, माझ्या भाचीकडे. ऋतिकाने तिकडे नवीन घर घेतलंय, नाश्त्याला बोलावलं होतं. मी गाडी चालवत होते, हे शेजारी. खिडक्या उघड्या, कारण एसीने चालकाला सुस्ती येते असं ह्यांचं मत. शिवमंदिराचा फाटा मागे टाकला, पुढे गतिरोधक आला, मी दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षावालेसुद्धा कंटाळून पुढे जातील अशा वेगात. आमच्या पुढे एक पांढरी गाडी होती, तीही तशीच रमतगमत.

रस्त्याच्या कडेला एक म्हैस उभी होती. मी पुन्हा सांगते, कडेला. रस्त्यावर नाही, रस्त्याकडे येतही नव्हती. तिने फक्त मान वळवून आमच्याकडे बघितलं. ह्यांना तिच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे. ह्यांनी शर्टातून शिटी काढली आणि जीव खाऊन वाजवली.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरून वर गेले. दोन्ही पाय मागे, सीटखाली. मी पुतळा. गाडी मात्र कधी कारखान्यात कामाला नव्हती, ती चालत राहिली. आणि पुढची पांढरी गाडी, काय कारण झालं देव जाणे, खाड्कन थांबली.

धप्प.

आवाज तेवढाच. आमची गाडी आचका देऊन बंद पडली. मी अजून हात वर करून बसले होते.

"इंजिन बंद," हे म्हणाले.

"ते बंदच पडलंय."

"तरी किल्ली फिरव. मुद्दा एक. पार्किंग लाइट. मुद्दा दोन, तुला लागलंय का?"

"नाही."

"मलाही नाही. हात खाली घे आता."

मी हात खाली घेतले आणि मग मला घाम फुटला. मुद्दे संपल्यावर हे फॉर्म काढणार होते, हे मला माहीत होतं. गाडीच्या खणात ह्यांनी कारखान्यातल्या अपघात नोंदीच्या फॉर्मच्या झेरॉक्स ठेवल्यात. त्याला बारा रकाने. सातवा रकाना : अपघाताचं कारण. चौतीस वर्षांत ह्यांनी त्या रकान्यात काय काय लिहिलं हे मी सांगू शकते, कारण ते नेहमी एकच असायचं. 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

"अहो, तुम्ही शिटी वाजवलीत म्हणून झालं हे," मी आधीच सांगून टाकलं.

"शिटी धोका टळावा म्हणून असते. शिटीने अपघात होत नाहीत."

"शिटी वाजली की हात काढायचे, हे मला कोणी शिकवलं?"

"मशीनवरून, बकुळा. ही गाडी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोवर हे लाल त्रिकोण घेऊन उतरले होते. मोजून पावलं टाकत मागे गेले, त्रिकोण ठेवला, परत आले. मग फोटो. दोन्ही गाड्यांचे पुढून, मागून, बाजूने, नंबर प्लेट, चाकं, रस्ता. एक फोटो म्हशीचा. ती अजून तिथेच होती, अंगाला तोशीस न लागलेली.

पांढऱ्या गाडीतून अजून कुणी उतरलं नव्हतं. हे पळत गेले, मी त्यांच्या मागे. आत साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. दोघं धडधाकट होती. गृहस्थ सीट बेल्टशी झटत होते.

"खुल ही नहीं रहा साईं!" ते ओरडले. "पहली बार लगाया है ना!"

बायकोच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता. झाकण उडालं होतं आणि पिवळी डाळ तिच्या ओढणीवर सांडली होती. ह्यांनी वाकून खात्री करून घेतली की ती डाळच आहे. मग बेल्टचं बटण दाबलं आणि गृहस्थांना मोकळं केलं.

ते टेकचंदभाई, उल्हासनगर कॅम्प पाचला त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. रविवारचं दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, लेकीला पोचवायला बदलापूरला चालले होते. उतरल्या उतरल्या त्यांनी मागचा बंपर बघितला. बोटभर चेमटला होता.

"कुछ नहीं हुआ. बंपर होता किस लिए है? चलो भाईसाब, पकवान नरम हो जाएगा."

"जागा सोडायची नाही," हे म्हणाले. "सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला यायचं."

असेंब्ली पॉइंट, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांनी जमायची जागा, इथे बंद शटरच्या एका दुकानाची पायरी होती. तिथे आम्हा तिघांना उभं करून ह्यांनी बोट रोखून मोजलं. एक, दोन, तीन. मग स्वतःला धरून चार. चौघांत चार भरले तेव्हा त्यांचा चेहरा कसा खुलला! टेकचंदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सेफ्टी सुपरवायझर. रिटायर." त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

नाव, फोन, गाडीचा नंबर, विम्याची कंपनी, लायसन. सगळं लिहून झालं. जखमी ह्या रकान्यात ह्यांनी 'कोणी नाही' लिहिलं, जरा थांबले, आणि नुकसान ह्या रकान्यात 'बंपर, डाळ' असं लिहिलं. मग पेन सातव्या रकान्यावर आलं. ह्यांनी 'चाल' एवढी दोन अक्षरं लिहिली.

"साक्षीदार!" मी म्हणाले. "मुद्दा सहा. साक्षीदाराचं म्हणणं आधी, कारण नंतर. तुमचाच कागद आहे."

पेन थांबलं. नियम दाखवला की हे ऐकतात, एवढा एक गुण आहे. ते टेकचंदभाईंकडे वळले. "तुम्ही अचानक ब्रेक का मारला?"

"अरे, हवलदार ने सीटी मारी ना!"

"कुठला हवालदार?"

"वही तो मैं भी ढूंढ रहा हूँ." टेकचंदभाई टाचा उंचावून रस्त्यावर इकडेतिकडे बघू लागले. "इतनी ज़ोर से सीटी मारी, मेरा तो कलेजा हिल गया. बेल्ट नहीं लगाया था. मैंने सोचा, पकड़ा गया! एक पैर से ब्रेक मारा, दोनों हाथ से बेल्ट लगाया. तभी आपने पीछे से ठोका. पर हवलदार गया किधर?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा डावा हात हळूच छातीकडे गेला. शिटी शर्टाबाहेर लोंबत होती. ह्यांनी ती दोन बोटांनी आत सरकवली आणि वरचं बटण लावलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला कधी काही लपवताना बघितलं नव्हतं. फारच बावळटासारखं लपवलं त्यांनी.

मी तोंड उघडणार होते. पण मला बघायचं होतं. आता किल्लीपेक्षाही जास्त मला हे बघायचं होतं की हा माणूस काय लिहितो.

"ऐसा करो साईं," टेकचंदभाई म्हणाले, "गलती मेरी लिख दो. बेल्ट नहीं था, बीच रास्ते में ब्रेक मारा. ग़लती मेरी ही है. लाओ, किधर साइन करना है? आप बुज़ुर्ग आदमी, भाभीजी भी घबरा गई हैं. लिखो आप."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मला माहीत होतं त्यांना काय ऐकू आलं ते. मलाही तेच ऐकू आलं होतं.

वेणूबाई माझ्या शेजारच्या मशीनवर असायची. अकरा वर्षांपूर्वी मोठी ऑर्डर आली होती. कव्हर लावून मशीन हळू चालतं म्हणून वरून हुकूम आला, दोन दिवस कव्हर काढा. ह्यांनी आधी नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वेणूबाईच्या उजव्या हाताचं एक बोट गेलं. शिटी वाजली, आम्ही सगळ्यांनी हात वर केले, पण ती उशिराची शिटी होती. दवाखान्यात हे फॉर्म घेऊन गेले. साहेब अवघडलेत हे बघून तीच म्हणाली, "माजंच चुकलं साहेब. लिवा तुमी." आणि ह्यांनी लिहिलं. उजव्या हाताला पट्टी, म्हणून तिने डावा अंगठा उठवला. मी ह्यांच्याशी सतरा दिवस बोलले नाही. अठराव्या दिवशी सिलिंडर संपला म्हणून बोलावं लागलं. पण त्या बोटाविषयी आमच्यात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

"नाही," हे म्हणाले. पेनाला टोपण लावून ते पुन्हा म्हणाले, "नाही. तुमची चूक नाही."

"तो किसकी है?"

"अहो, मुद्दा आठ," मी म्हणाले. मला राहवलं नाही. आठवा मुद्दा होता : 'चूक कोणाची हे जागेवर कबूल करू नये.' त्याखाली लाल शाईने दोनदा रेघ मारलेली आहे.

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग वरचं बटण काढलं, नाडी ओढली आणि शिटी बाहेर काढून हातावर धरली.

"हवालदार नव्हता. मी होतो."

टेकचंदभाईंनी शिटीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "क्यों?"

"म्हैस," हे म्हणाले.

चौघांनी म्हशीकडे बघितलं. तिने आमच्याकडे पाठ केली. टेकचंदभाईंचा चेहरा लाल होऊ लागला. मला वाटलं, आता भांडण, आणि ते व्हायलाही हवं होतं. तेवढ्यात त्यांची बायको, जी आतापर्यंत ओढणी पुसत होती, ती खदखदून हसायला लागली.

"पच्चीस साल से बोल रही हूँ, बेल्ट लगाओ, बेल्ट लगाओ!" ती म्हणाली. "भाईसाब, आप हर संडे आओ. पीछे बैठ के सीटी मारो."

मग काय, टेकचंदभाईही हसले. बंपरसाठी विम्याकडे जायचंच नाही म्हणून त्यांनी हात जोडले. उरलेल्या डाळीत पकवान मोडून आम्ही चौघांनी त्या पायरीवर बसून खाल्लं. ह्यांनी सातवा रकाना तिथेच भरला. 'चाल' खोडलं, खोडलेल्यावर सही केली, कारण खाडाखोडीवर सही लागते, आणि पुढे लिहिलं : 'सहप्रवाशाने विनाकारण शिटी वाजवली. चालकाने शिकवल्याप्रमाणे केले.' प्रतिबंधक उपाय ह्या रकान्यात लिहिलं : 'शिटी जप्त.' नाडी डोक्यावरून काढून त्यांनी शिटी माझ्या पर्समध्ये टाकली, किल्ली ठेवते त्याच कप्प्यात.

टेकचंदभाई गेले, बेल्ट लावून. आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली. बदलापुरात शिरून कात्रपच्या कमानीपाशी आलो. तेव्हा हे म्हणाले, "वेणूबाई इकडेच कुठेतरी राहतात ना?"

"पुढच्या गल्लीत."

"ऋतिकाला फोन कर. उशीर होईल म्हण."

"गाडी चालवताना फोन करायचा नाही. नियम तीन."

"मी करतो," ते म्हणाले आणि खणातून एक कोरा फॉर्म काढला.

वेणूबाईने दार उघडलं आणि जुन्या सवयीने पदर सावरून "साहेब" म्हणाली. ह्यांनी चप्पल दारातच काढली, बसले नाहीत. उभ्या उभ्या दाराला कागद टेकवून लिहायला लागले. तारीख, पाळी, मशीनचा नंबर, वेळ. कशासाठीही थांबले नाहीत. मी इतकी वर्षं समजत होते की हा माणूस ते विसरलाय. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला. सातव्या रकान्यात ह्यांनी लिहिलं : 'सुपरवायझरच्या परवानगीने कव्हर काढलेले होते. कामगाराची चूक नाही.' खाली सही केली.

"ह्याचा आता कुठे काही उपयोग नाही," ते तिला म्हणाले. "कारखान्यात द्यायला सांगाल तर उद्या नेऊन देतो. पण आधी तुम्हाला द्यायचा होता."

वेणूबाईने कागद हातात घेतला. एक एक शब्द ओठ हलवत वाचला. बराच वेळ लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बकुळे, साहेबांना बरं नाय का?"

"आजच जरा बरं वाटतंय त्यांना," मी म्हणाले.

खाली कामगाराच्या सहीची जागा होती. ह्यांनी खिशातून शाईचं पॅड काढलं. वेणूबाईने ते बाजूला सारलं, पेन मागितलं, आणि उरलेल्या चार बोटांत धरून सावकाश स्वतःचं अख्खं नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. मग कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

"गाडी तू चालवत आणलीस?" तिने मला विचारलं.

"मीच."

"मंग मला एक चक्कर मार की."

आम्ही खाली आलो. मी किल्ली काढली. वेणूबाई पुढच्या दाराजवळ जाऊन थांबली, साहेब कुठे बसणार म्हणून मागे बघत. ह्यांनी पुढे होऊन तिच्यासाठी ते दार उघडलं, तिचा बेल्ट लावून दिला, आणि मग मागच्या सीटवर जाऊन बसले.